मोठीआईचा नवस

मोठीआई गेली तेव्हा लोकांनी एकच शब्द धरून ठेवला: देवभोळी. दारात पाऊल टाकताना म्हणाले, खुर्चीत टेकताना म्हणाले, चहाचा कप उचलताना पुन्हा म्हणाले. किती देवभोळी बाई. धाकटी ट्रे घेऊन फिरत होती आणि दर वेळी हा शब्द कानावर आला की ट्रेमधले कप एकमेकांवर आपटत होते. भोळी? त्या बाईला भोळी म्हणणाऱ्यानं तिच्याकडून कधी गादी भरून घेतली नसावी.

मोठीआई ही धाकटीची आई. नातवंडं तिला मोठीआई म्हणायची, त्यांचं ऐकून गल्ली म्हणायला लागली, आणि शेवटी पोटची मुलंही त्याच नावानं तिच्याबद्दल बोलू लागली. खाली गाद्या-उशा भरायचं दुकान, वर राहायच्या खोल्या. नव्वदीला टेकलेली ती बाई झोपेतच गेली, आणि आज तिच्या आठवणीसाठी सगळे दुकानात जमले होते. गाद्या भिंतीला उभ्या केल्या होत्या, मधे खुर्च्या मांडल्या होत्या, आणि कितीही झाडलं तरी कापसाचे तंतू लोकांच्या कपड्यांवर बसतच होते. दादा, म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ, थोड्या वेळानं चार शब्द बोलणार होता.

धाकटीलाही आज काही सांगायचं होतं. उद्या सकाळी ती हे घर सोडून जाणार होती. लांबच्या एका गावात तिची जुनी मैत्रीण शिवणकामाचं दुकान चालवत होती. दुकानामागची खोली तिनं धाकटीसाठी रिकामी करून ठेवली होती, पडदे आणि उशांच्या खोळी शिवायचं काम होतं, सगळं ठरलं होतं. फक्त दादाला सांगायचं राहिलं होतं. आणि तिथंच घोडं अडलं होतं, कारण दादाच्या समजुतीप्रमाणे धाकटीनं घर सोडलं की दादा मरणार होता.

हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर कोणाला पटायचं नाही.

मोठीआई लग्न होऊन या दुकानात आली तेव्हा तिला धड सुईही ओवता येत नव्हती. नवरा मवाळ माणूस. गिऱ्हाईक म्हणेल तेवढ्यात गादी देणारा, वर दोन उशा फुकट देणारा. त्याची छाती कापसाच्या धुळीनं भरली आणि तो खोकून खोकून गेला, तेव्हा पदरात एक मुलगा, एक अजून पाळण्यातली मुलगी आणि अर्धवट भरलेल्या गाद्यांची थप्पी होती. नातेवाइकांनी दुकान विकून टाक म्हणून सांगितलं. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, दार उघडून धरलं आणि सांगितलं की खाली पायरी आहे, सांभाळून उतरा.

मग ती बसली ती बसलीच. मांडी घालून, मधे गादी, हातात हातभर लांबीचा दाभण. गादीच्या आरपार टाका घालायचा, दोरा ओढून गाठ मारायची, पुढचा टाका. दर टाक्याला ती देवाचं नाव घेई. मोठ्यानं, दुकानभर ऐकू जाईल असं. तिच्या गादीवर चांगली झोप लागते असं लोक म्हणायचे आणि त्याचं श्रेय देवाच्या नावाला द्यायचे. खरं तर ती जुना कापूस नव्यात मिसळत नसे आणि टाके दाट घालत असे, एवढंच. पण मोठीआईलाही श्रेय देवालाच द्यायला आवडायचं. ते दिलं की कोणाशी वाद घालावा लागत नाही.

वाद मात्र ती घालायची. नाकावर माशी बसू देत नसे. कापसाचा व्यापारी ओला कापूस घेऊन आला तर एका हातानं जपमाळ सरकवत दुसऱ्या हातानं त्याला पोत्यासकट बाहेर काढायची. जपात खंड नाही, शिव्यांतही नाही. पहाटे उठून देवाच्या कोपऱ्यापुढे दिवा लावायची आणि प्रार्थना अशी म्हणायची जणू देवाला कमी ऐकू येतं. शेजारच्या सुतारानं एकदा विनवलं, जरा हळू म्हणा, बाळ झोपत नाही. ती म्हणाली, बाळाला माझ्या गादीवर झोपवून बघ. सुतारानं दुसऱ्या दिवशी गादी नेली आणि तक्रार संपली.

आजही खुर्च्यांवर बसलेली माणसं हेच किस्से सांगून हसत होती, डोळे पुसत होती. धाकटीला ते किस्से सगळे पाठ होते. ते खोटे नव्हते. तिचा राग खोट्यावर नव्हताच. सगळ्यांनी आईमधलं गोड गोड वाटून घेतलं होतं आणि कडू तेवढं तिच्या एकटीच्या वाट्याला ठेवलं होतं, यावर होता.

दादा शाळकरी असताना त्याला ताप भरला. साधा नव्हे. डॉक्टर येत राहिले, औषधं बदलत राहिले, आणि एका दुपारी त्यांनी हात टेकले. दादाला ओळखही राहिली नव्हती. खाली दुकानात धाकटी कापसाच्या ढिगात झोपली होती. तिला तेव्हा नीट चालताही येत नव्हतं. मोठीआई जिना उतरून आली, तिनं ती झोपलेली पोर उचलली, वर नेली, देवाच्या कोपऱ्यापुढे जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, ह्याला वाचव, ही तुझी. ही लग्न करणार नाही, हे घर सोडणार नाही, तुझा दिवा लावील.

ताप उतरला. आता तो नवसानं उतरला, औषधानं उतरला की आपोआप उतरला, हे कोण सांगणार. पण त्या दिवसापासून दादा हे देवानं परत दिलेलं मूल झालं आणि धाकटी ही देवाला देऊन टाकलेलं. एकाच ताटात जेवणारी दोन भावंडं, पण एकाच्या वाट्याला सगळं जग आणि दुसरीच्या वाट्याला जिना.

दादा शिकला, नोकरीला लागला, लग्न करून दुसऱ्या भागात राहायला गेला. धाकटी दाभण चालवायला शिकली. नवस म्हणजे काय हे कळायच्या आधी तिला एवढं माहीत होतं की बाकीच्या मुली मोठ्या होऊन कुठेतरी जातात आणि आपण जाणार नाही. लहानपणी तिला त्याचा अभिमानही वाटायचा. हे आठवलं की आजही तिला स्वतःचीच चीड यायची.

मग मशीनवाला आला. खोळी शिवायची मशीनं दुरुस्त करणारा. सडपातळ, तेलकट बोटांचा, बोलताना खाली मान घालून मशीनशीच बोलल्यासारखा बोलणारा. त्या वर्षी दुकानातलं मशीन जेवढं बिघडलं तेवढं ना आधी बिघडलं होतं ना नंतर. पट्टा कोण सैल करतं हे धाकटीला माहीत होतं, आणि मशीनवाल्यालाही. त्यानं रीतसर घरच्यांना पाठवून मागणी घातली. मोठीआईनं त्यांना चहा दिला, चांगल्या गादीवर बसवलं आणि मुलगी देवाची आहे म्हणून सांगितलं.

धाकटी रडली, जेवायची थांबली, भांडली. शेवटी प्रार्थनाघरात जे वयोवृद्ध गुरुजी होते त्यांच्याकडे जाऊन उभी राहिली. ते भले गृहस्थ होते. स्वतः दुकानात आले आणि म्हणाले की असा नवस फेडता येतो, मुलीऐवजी दुसरं काही अर्पण करा, देव नाही म्हणणार नाही. मोठीआईनं दाभण खाली ठेवला. तिचा दुकानाचा एक नियम होता: एकदा सांगितलं ते सांगितलं, घासाघीस नाही. तिनं गुरुजींना तोच नियम सांगितला. गिऱ्हाइकाला जे देत नाही ते देवाला कसं देऊ, देवाशी भाव करू का, असं म्हणाली. गुरुजी चपला घालून निघून गेले. लोक आजही ही गोष्ट कौतुकानं सांगतात. शब्दाची पक्की बाई. अहो, पक्की, पण किंमत कोणी चुकती केली?

त्या संध्याकाळी मोठीआईनं धाकटीला जवळ बसवून शांतपणे एकच विचारलं होतं. तू गेलीस आणि त्याला काही झालं, तर तू झोपशील का? धाकटी राहिली. मशीनवाल्यानं बरीच वाट पाहिली, मग त्याचं लग्न झालं, मग तो गाव सोडून गेला, आणि मशीन बिघडायचं थांबलं.

आई दुष्ट असती तर सोपं झालं असतं. ती दुष्ट नव्हती. धाकटीच्या उशीत ती सगळ्यात चांगला कापूस भरायची, तिच्या पायांना थंडीत स्वतः तेल चोळायची, कोणी तिला बिनलग्नाची म्हणून टोमणा मारला तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. रागवायला जागाच ठेवत नव्हती. मग धाकटी कापसावर राग काढायची. वेताच्या काठीनं कापूस असा झोडपायची की मोठीआई वरून ओरडायची, अगं, तो कापूस आहे, चोर नव्हे. दुकानात कामाला येणाऱ्या बायका हसायच्या. धाकटी हसायची नाही.

दादाला मात्र त्या नवसाची गोडी लागली होती. वर्षं गेली, केस पांढरे झाले, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी अंग जरा कोमट लागलं की त्याचा फोन यायचा. कशी आहेस, आई कशी आहे, आणि मग आवाज हळूच खाली आणून, दिवा लावलास ना? त्याला कधी वाटलं नाही की पलीकडे फोन धरून उभी असलेली बाई ही त्याची बहीण आहे, त्याच्या आयुष्याचा विमा नाही. तो वाईट नव्हता. घाबरट होता. पण घाबरट माणूस दुसऱ्याचं आयुष्य जितक्या सहजपणे गिळून टाकतो, तितकं वाईट माणसालाही जमत नाही.

मग मोठीआईची आठवण जायला लागली. आधी गिऱ्हाइकं विसरली, मग हिशेब, मग दाभण हातात घेऊन हे काय म्हणून विचारू लागली. दादा भेटायला आला की त्याला नीट न्याहाळून सांगायची, वापरलेली गादी परत घेत नाही. दादा हिरमुसून परत जायचा. प्रार्थना तेवढी शाबूत राहिली. शब्द न् शब्द, तोच चढा आवाज.

एका दुपारी धाकटी तिचे केस विंचरत होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि मोठीआई ऊब लागलेल्या मांजरासारखी खुशीत होती. तिनं मान वळवून विचारलं, "बाई, तू रोज येतेस. तुझं घर कुठे आहे?"

"इथेच."

"इथे माझं घर आहे. तुझं विचारते. नवरा, मुलंबाळं?"

"लग्न नाही झालं."

मोठीआईला हे पसंत पडलं नाही. एवढी हाताला गुण असलेली बाई, असं कसं, असं काहीतरी पुटपुटली. मग तिचा जुना आवाज आला, व्यापाऱ्याला बाहेर काढतानाचा. "आणि तुझी आई काय करत होती?"

धाकटीचा हात केसांत थांबला. आयुष्यभर हा प्रश्न तिला कोणीतरी विचारायला हवा होता. आता विचारला, आणि तो हिनं. तिनं सांगून टाकलं, सरळ, परक्या बाईला सांगावं तसं. भाऊ आजारी होता. आईनं मला देवाला देऊन टाकलं, तो वाचावा म्हणून.

मोठीआईचा चेहरा लाल झाला. "देवाला? देवाला काय करायचीय पोर? दिवा लावायला? दिवा तिला लावता येत नव्हता, तिच्या आईला? हात मोडले होते?" ती खुर्चीतून उठायलाच निघाली. "कुठे आहे ती? मला घेऊन चल तिच्याकडे. मी विचारते तिला."

धाकटीनं तिला खांदे धरून पुन्हा बसवलं. ती आता कुठेच नाही, असं म्हणाली. आणि मग न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, तोंडावर टॉवेल धरून ओरडली. दुःख नव्हतं ते. संताप होता. जिनं जाब विचारायचा तिनं विचारला होता, जिला विचारायचा ती समोर बसली होती, आणि दोघी एकच होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या. माफी मागितली असती तर धाकटीनं कदाचित दिली असती. पण आपलीच बाजू घेऊन भांडणाऱ्या माणसाला माफी मागायला लावायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थना झाली, आणि संपल्यावर मोठीआई उठली नाही. दिव्याकडे बघून, व्यवहाराच्या आवाजात, एक जादा मागणं मागितलं. माझं करणारी ती जी बाई आहे, तिला सोड. तिच्या आईनं काही बोलून ठेवलं असेल, तर ते तिला भरायला लावू नकोस. तिचं माझ्यावर लाव. धाकटी दारात चहा घेऊन उभी होती. त्यानंतर मोठीआई जगली तोवर रोज पहाटे, आवाज बसला तेव्हाही, तिनं हे मागणं सोडलं नाही. धाकटीनं हे कोणाला सांगितलं नव्हतं.

आता दादा बोलायला उभा राहिला. त्यानं घसा साफ केला आणि नवसाचीच गोष्ट सुरू केली. तापाची दुपार, डॉक्टर, आई, देवाचा कोपरा. समोरच्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. आईच्या श्रद्धेनं मी आज तुमच्यासमोर उभा आहे, तो म्हणाला. मग म्हणाला की दुकान आता बंद होईल, पण आईचा नवस पुढे चालू राहील. देवाचा कोपरा आमच्याकडे हलवू, कोपरा असेल तेच घर. धाकटी आमच्याकडे राहायला येईल, तिच्या वहिनीच्या गुडघ्यांनाही आता जिने झेपत नाहीत, तिलाही सोबत होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकटीला कोणी काही विचारलं नव्हतं. वहिनी तिच्याकडे न बघता रुमालाची घडी घालत होती.

धाकटीनं ट्रे खाली ठेवला. "मी उद्या जाते आहे, दादा. मैत्रिणीकडे. कायमची."

दादाला आधी कळलंच नाही, मग कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला. तो तिच्याजवळ आला, आवाज खाली आणून, फोनवर आणायचा तसाच. "असं नको बोलू. नवस आहे आईचा."

"आईनं तो परत घेतला."

तिनं सांगितलं. केस विंचरण्याची दुपार, आणि नंतरच्या सगळ्या पहाटा. तिनं आवाज खाली आणला नाही. समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या प्रत्येकाला, देवभोळी म्हणणाऱ्या प्रत्येकाला, ऐकू जाईल असं सांगितलं. दादा ऐकत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटका झाल्याचा भाव आला. त्याला पळवाट सापडली होती.

"अगं, तेव्हा आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं," तो जवळजवळ प्रेमानं म्हणाला. "तिला काही कळत नव्हतं. तू कोण हेही माहीत नव्हतं तिला. ते कसं धरायचं?"

"आणि नवस बोलली तेव्हा?" धाकटी म्हणाली. "वर तू मरायला टेकला होतास, दादा. तेव्हा होतं का तिचं डोकं ठिकाणावर? मी कोण, हे तेव्हा तरी माहीत होतं तिला?"

दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी उठली, आणि लोकांना वाटलं की ती धाकटीला समजवायला निघाली. ती धाकटीपाशी येऊन म्हणाली की वर कपाटातली मोठी बॅग घ्या, लहानीत तुमचे गरम कपडे मावायचे नाहीत, आणि परत जाऊन आपल्या खुर्चीत बसली.

धाकटी जिन्याकडे निघाली. खुर्च्यांमधून वाट काढताना लोक पाय आखडून घेत होते, कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. पहिल्या पायरीवरून तिनं एकदा मागं पाहिलं. दादा मधोमध एकटाच उभा होता, आणि उलटा हात स्वतःच्या कपाळावर ठेवून ते गरम लागतं का ते बघत होता.